अन्नाला थोपवून धरणारी नळी

कोकणातल्या मासळी बाजारात मोरी म्हणून विकली जाणारी छोटी शार्क प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या नावाने माहीत असते : स्कोलिओडॉन. महाविद्यालयांतल्या विच्छेदनावर निर्बंध येईपर्यंत देशभरातल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी ती मेणाच्या ट्रेमध्ये उताणी टाचून कापली. ई. एम. थिलायमपालम यांनी १९२८ साली तिच्या शरीररचनेवर लिहिलेली पुस्तिका पुढे अनेक वर्षं विद्यार्थ्यांचा आधार होती.

पोट उघडलं की आधी मोठं यकृत दिसतं. ते बाजूला सारलं की इंग्रजी ‘जे’ अक्षराच्या आकाराचं जठर, आणि जठरापुढे एक आखूड, जाडसर, सरळसोट आतडं. माणसाच्या पोटात आतड्याची वेटोळ्यांवर वेटोळी असतात, इथे एकही नाही. पूर्ण मासे गिळणाऱ्या प्राण्याचं एवढ्याशा आतड्यात भागतं कसं, हा प्रश्न आतडं चिरल्यावर सुटतो. आतल्या भिंतीला लांबीच्या दिशेने एक पातळ पडदा जोडलेला असतो आणि तो स्वतःभोवतीच गुंडाळत गेलेला असतो, सुरळीच्या वडीसारखा. दोन-अडीच वेढे भरतात. आतडं बाहेरून आखूड राहतं, पण अन्नाला स्पर्श करणारं अस्तर कितीतरी वाढतं, आणि अन्नाला त्या वेढ्यांच्या अरुंद फटींमधूनच पुढे सरकावं लागतं.

शार्कच्या सगळ्या जातींत ही रचना एकसारखी नसते. काहींत गुंडाळी असते, काहींत आतड्याच्या मधल्या आसाभोवती मळसूत्री वळण घेत जाणारा पडदा असतो. काहींत एकात एक बसवलेल्या नरसाळ्यांची रांग असते आणि त्या नरसाळ्यांची टोकं जातीनुसार कधी पुढे तर कधी मागे वळलेली असतात. समॅन्था ली, ॲडम समर्स आणि डोनोव्हन जर्मन या अमेरिकी संशोधकांनी २०२१ साली अनेक जातींच्या आतड्यांचे सीटी स्कॅन काढून त्यांच्या त्रिमितीय प्रतिमा तयार केल्या. काही आतड्यांमधून त्यांनी पाणी आणि ग्लिसरीन यांचं मिश्रण सोडून पाहिलं, एकदा तोंडाकडून शेपटीकडे आणि एकदा उलट दिशेने. साध्या नळीच्या तुलनेत द्रव चांगलाच मंदावला. शिवाय काही रचनांमध्ये योग्य दिशेने जाणारा द्रव सहज जात होता आणि उलट दिशेने जाणारा अडखळत होता. ही आतडी मेलेल्या माशांची होती, त्यांचे स्नायू काम करत नव्हते. दिशा ठरवण्याचं काम नुसता आकार करत होता.

कुठलाही हलता भाग नसताना फक्त वळणांच्या जोरावर प्रवाह एकाच दिशेने सहज जाऊ देणाऱ्या नळीचं पेटंट निकोला टेस्ला यांना १९२० साली मिळालं होतं. शार्कच्या आतड्यात ते तत्त्व कोट्यवधी वर्षं वापरात आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ साली शार्कच्या आतड्यावरून बेतलेल्या नळ्या त्रिमितीय छपाईने बनवल्या, तेव्हा कडक प्लास्टिकच्या नळीपेक्षा मऊ, लवचीक नळी हे काम अधिक चांगलं करते असं दिसलं. आतडं मऊच असतं, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

शार्कपासून सुरुवात करण्याचं कारण आहे. शाळेत आपण पचनसंस्था शिकतो ती मुख्यतः रसायनशास्त्र म्हणून. लाळेतलं विकर पिष्टावर काम करतं, जठरात आम्ल असतं, पित्त मेदाचे थेंब बारीक करतं, स्वादुपिंडाचा रस उरलेलं पाहतो. यात चूक काही नाही. पण हे सगळे रस एका काचेच्या नळीत अन्नावर ओतले तर अन्न विरघळेल, अंगी लागणार नाही. अंगी लागण्यासाठी विरघळलेला प्रत्येक रेणू भिंतीपर्यंत पोचावा लागतो, आणि तो पोचेपर्यंत अन्न पुढे निघून जाता कामा नये. हे काम आकाराचं आणि हालचालीचं आहे. अभ्यासक्रमात ते एका आकृतीत आणि दोन ओळींत उरकलं जातं, ही मला आपल्या शिक्षणातली मोठी उणीव वाटते.

भिंतीपर्यंत पोचणं किती अवघड आहे, याचा हिशेब करून पाहू. साखरेचा रेणू स्थिर पाण्यात आपोआप इकडेतिकडे भरकटतो, यालाच विसरण म्हणतात. अशा भरकटण्याने एक मिलिमीटर अंतर काटायला ग्लुकोजच्या रेणूला साधारण दहा मिनिटं लागतात. आता अंतर दहापट केलं, म्हणजे एक सेंटीमीटर, तर वेळ दहापट वाढत नाही, शंभरपट वाढतो. दहा मिनिटांचे सोळा तासांहून अधिक होतात. माणसाच्या लहान आतड्याचा व्यास अडीच ते तीन सेंटीमीटर असतो, म्हणजे मध्यापासून भिंत सव्वा-दीड सेंटीमीटर दूर. आणि अन्न लहान आतड्यात राहतं ते सुमारे तीन ते पाच तास. आतडं जर गुळगुळीत, निश्चल नळी असतं तर मधोमध असलेली बरीचशी साखर भिंतीला न शिवताच पुढे गेली असती. शिवाय हा हिशेब पाण्याचा आहे. जठरातून येणारा अन्नाचा रस दाट असतो, त्यात रेणू आणखी हळू भरकटतात.

नदीत किंवा घराच्या नळात पाणी उसळतं, भोवरे धरतं आणि आपोआप मिसळतं. आतड्यात तसं होत नाही. तिथला वेग फार कमी आणि द्रव चिकट, त्यामुळे प्रवाह थराथरांनी सरकतो आणि शेजारचे थर एकमेकांत मिसळत नाहीत. भिंतीला लागून असलेला थर तर जवळजवळ हलतच नाही. तेव्हा मिसळण्याचं काम आतड्याला स्वतःच करावं लागतं.

ते कसं होतं हे पहिल्यांदा नीट पाहिलं हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी. रॉन्टगेन यांनी क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लावला. त्यानंतर वर्षभरातच वैद्यकाचे विद्यार्थी असलेले कॅनन प्राण्यांच्या अन्नात बिस्मथचा क्षार मिसळून पडद्यावर त्याची सावली पाहू लागले. तोपर्यंत आतड्याची हालचाल म्हटली की डोळ्यापुढे यायचा तो क्रमसंकोच, म्हणजे मागून आवळत अन्न पुढे ढकलणारी लाट. बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी त्याचा नियम १८९९ साली मांडला होता : घासाच्या मागे आतडं आकुंचन पावतं, पुढे सैल होतं. पण १९०२ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत कॅनन यांनी मांजराच्या आतड्यात वेगळंच काही नोंदवलं. अन्नाची लांबट सावली एकाच जागी असताना अचानक तिचे अनेक तुकडे झाले. क्षणभराने प्रत्येक तुकडा मधोमध दुभंगला आणि शेजारच्या तुकड्याच्या अर्ध्या भागाशी जाऊन मिळाला. पुन्हा दुभंगला, पुन्हा मिळाला. अन्न पुढे जवळजवळ सरकतच नव्हतं. आतडं ते कापत होतं, जोडत होतं, आणि प्रत्येक वेळी वेगळा भाग भिंतीला लावत होतं.

या हालचालीला खंडीय आकुंचन म्हणतात आणि जेवणानंतर लहान आतड्यात चालणारी मुख्य हालचाल हीच असते. माणसात तिची लय आतड्याच्या सुरुवातीला मिनिटाला सुमारे बारा असते, शेवटाकडे ती आठ-नऊपर्यंत उतरते. वरच्या भागात ठोके जास्त आणि खाली कमी, या फरकामुळे ढवळलं जाणारं अन्न हळूहळू खाली सरकतं. एकाच रचनेतून ढवळणं आणि सरकवणं दोन्ही साधतं, तेही सरकण्याचा वेग बेताचा ठेवून. कॅनन यांना आणखी एक गोष्ट दिसली : मांजर घाबरलं किंवा चिडलं की पोटातली हालचाल थांबायची. भीती आणि रागाचा शरीरावर होणारा परिणाम हा पुढे त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय झाला.

पोट रिकामं असतं तेव्हा आतड्याचं वागणं बदलतं. साधारण दीड-दोन तासांनी जठरापासून एक जोरदार लाट निघते आणि लहान आतड्याच्या टोकापर्यंत जाते. उरलेले कण, मेलेल्या पेशी आणि जिवाणू ती पुढे लोटते. उपवासाच्या दिवशी पोटात होणारी गुरगुर बऱ्याच अंशी या झाडलोटीची असते. सतत काही ना काही तोंडात टाकत राहिलं की ही लाट सुरूच होत नाही.

आतड्यात किती द्रव येतो याचा अंदाज बहुतेकांना नसतो. आपण दिवसभरात पितो साधारण दोन लिटर. त्यात लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव मिळून आणखी सातेक लिटर पडतात. या नऊ लिटरपैकी सात-साडेसात लिटर लहान आतडं परत शोषून घेतं, दीडेक लिटर मोठ्या आतड्यात जातो आणि शौचावाटे बाहेर पडतो तो जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर. या हिशेबात दहा टक्क्यांची चूक झाली तरी माणसाला जुलाब होतात.

या सगळ्या व्यवहाराच्या दाराशी जठराचं शेवटचं तोंड आहे. जठराचा खालचा भाग मिनिटाला तीन वेळा आवळतो आणि अन्न त्या अरुंद तोंडावर आपटतो. एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठे कण बहुतेक मागे फेकले जातात आणि पुन्हा घुसळले जातात. दुसऱ्या टोकाला, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, न पचलेला मेद पोचला तर तिथून संदेश जातो आणि वरच्या भागाची गती मंदावते. म्हणजे शेवटचा भाग सुरुवातीच्या भागाला थांबायला सांगतो. तुपकट जेवणानंतर पोट बराच वेळ भरल्यासारखं वाटतं, त्यामागे हेही एक कारण आहे.

अन्नाची स्वतःची ठेवणही या हिशेबात धरायला हवी. गवारीच्या बियांपासून निघणारा डिंक, मेथीदाणे, इसबगोल पाण्यात टाकले की बुळबुळीत, दाट होतात. १९७०च्या दशकात डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की गवारीचा डिंक साखरेबरोबर दिला तर जेवणानंतर रक्तातली साखर हळू चढते, आणि जो तंतुमय पदार्थ जितका दाट होतो तितका त्याचा परिणाम जास्त. डिंक साखर नष्ट करत नाही. तो आतड्यातला द्रव दाट करतो, ढवळणं अवघड करतो आणि साखरेच्या रेणूचा भिंतीपर्यंतचा प्रवास लांबवतो. उकडलेला अख्खा हरभरा आणि बेसन यांतला फरकही असाच. हरभऱ्याच्या पेशींच्या भिंती बऱ्याच अंशी शाबूत राहतात आणि आतलं पिष्ट त्यांच्या आड बसतं, विकरांना तिथे शिरायला वेळ लागतो. दळल्यावर त्या भिंती फुटतात. डाळ तीच, पण रक्तात साखर उतरण्याचा वेग वेगळा.

आता भिंतीकडे वळू. वजडी साफ करणाऱ्या हातांना आतड्याचं अस्तर चांगलं ओळखीचं असतं, पण ते पाण्याखाली पाहिलेलं कमी जणांनी. बकऱ्याच्या लहान आतड्याचा ताजा तुकडा उभा चिरून, हलक्या हाताने धुऊन, स्वच्छ पाण्याच्या बशीत आतली बाजू वर करून ठेवावा आणि साध्या भिंगातून पाहावा. हवेत जे अस्तर ओलं, सपाट आणि चिकट दिसतं, ते पाण्यात गेल्यावर उभं राहतं. असंख्य बारीक, मऊ केस एकमेकांना खेटून उभे असतात आणि बशी हलवली की सगळे एका बाजूला झुकतात. हेच उद्वर्ध. माणसात त्यांची उंची अर्धा ते एक मिलिमीटर असते. आतड्याच्या वरच्या भागात ते उंच आणि दाट, खाली जाताना बुटके आणि विरळ होत जातात, कारण अन्नाचं बहुतेक शोषण वरच्या भागातच होतं.

उद्वर्ध ज्यावर उभे असतात ते अस्तरही सपाट नसतं. त्यात आडव्या वळ्या असतात, सतराव्या शतकात त्यांचं वर्णन करणाऱ्या केर्क्रिंग या शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने त्या ओळखल्या जातात. आणि प्रत्येक उद्वर्धावरच्या प्रत्येक पेशीच्या माथ्यावर सुमारे एक मायक्रोमीटर उंचीचे हजारो सूक्ष्म उद्वर्ध असतात. हे साध्या भिंगातून दिसत नाहीत, त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. वळ्या, त्यांवर उद्वर्ध, त्यांवर सूक्ष्म उद्वर्ध. या तिहेरी रचनेमुळे आतड्याचं क्षेत्रफळ टेनिस कोर्टाएवढं होतं, असं कित्येक पाठ्यपुस्तकांत छापलेलं सापडतं. हा आकडा आता सोडून द्यायला हवा. स्वीडनमधल्या गॉथेनबर्गचे हेलँडर आणि फँड्रिक्स यांनी २०१४ साली नव्याने मोजमाप केलं, तेव्हा लहान आतड्याचं क्षेत्रफळ सुमारे तीस चौरस मीटर आणि मोठ्या आतड्याचं दोनेक चौरस मीटर भरलं. अर्ध्या बॅडमिंटन कोर्टापेक्षाही कमी. आकडा उतरला म्हणून आश्चर्य कमी होत नाही. गुळगुळीत नळी असती तर अर्धा चौरस मीटरही मिळाला नसता.

पण क्षेत्रफळाच्या आकड्याने सगळं सांगून होत नाही. उद्वर्धांच्या मधल्या फटी इतक्या अरुंद असतात की अन्नाचे कण तिथे शिरत नाहीत, विरघळलेले रेणूच शिरतात. तिथला द्रव जवळजवळ स्थिर असतो. मात्र प्रत्येक उद्वर्धाच्या पोटात स्नायूचे बारीक धागे असतात. उद्वर्ध आखडतात, पुन्हा ताठ होतात आणि त्यांच्या फटींतला द्रव बदलत राहतो. आतमध्ये रक्तकेशिकांचं जाळं आणि मधोमध एक लसीकावाहिनी असते, मेद त्या वाटेने जातो. गास्पारे आसेल्ली यांना इटलीत १६२२ साली नुकतंच खाऊ घातलेल्या कुत्र्याच्या पोटात या पांढऱ्या वाहिन्या दिसल्या होत्या, अन्नातल्या मेदाने भरलेल्या. उद्वर्ध आखडला की ही वाहिनी दाबली जाते आणि मेद पुढे जातो.

पचनाची शेवटची पायरी याच भिंतीवर पार पडते, हेही फारसं सांगितलं जात नाही. साखरेचे आणि दुधातल्या शर्करेचे अखेरचे तुकडे करणारी विकरं आतड्याच्या पोकळीत तरंगत नाहीत, ती सूक्ष्म उद्वर्धांच्या पृष्ठभागात रोवलेली असतात. रेणू तुटतो तिथेच शोषला जातो. दुधातली शर्करा तोडणारं लॅक्टेज तर उद्वर्धाच्या वरच्या, प्रौढ झालेल्या पेशींत सर्वाधिक असतं. रोटाव्हायरससारखा संसर्ग याच पेशी मारतो. म्हणून जोराचे जुलाब होऊन गेल्यावर काही मुलांना थोडे दिवस दूध पचत नाही, आणि नव्या पेशी वर सरकल्या की पुन्हा पचू लागतं.

हा आकार तयार कसा होतो, हा प्रश्न मला या विषयातला सगळ्यात सुंदर वाटतो. त्याचं बरंचसं उत्तर गेल्या पंधरा-वीस वर्षांत मिळालं. वेटोळ्यांबद्दल आधी असं वाटायचं की जागा कमी आणि आतडं लांब, म्हणून ते कसंही कोंबलं जातं. तसं असतं तर प्रत्येकाची वेटोळी वेगळी झाली असती. पण एका जातीच्या पक्ष्यांच्या भ्रूणांत वेटोळ्यांची संख्या आणि ठेवण जवळजवळ सारखीच असते. हार्वर्डमध्ये थिएरी सावें, क्लिफ टॅबिन, मूळचे भारतीय आणि आयआयटी मद्रासचे विद्यार्थी असलेले एल. महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या भ्रूणातलं आतडं त्याला पाठीशी बांधून ठेवणाऱ्या पातळ पडद्यापासून अलगद सोडवलं. वेटोळी उलगडली, आतडं सरळ झालं आणि पडदा आक्रसला. म्हणजे पडदा ताणलेला होता. आतडं झपाट्याने वाढतं, पडदा तितका वाढत नाही, आणि कडेला शिवलेला ताणलेला पडदा आतड्याला वळायला भाग पाडतो. त्यांनी रबराचा पातळ तुकडा ताणला, त्याच्या कडेला सिलिकोनची नळी शिवली आणि ताण सोडून दिला. नळीने आतड्यासारखीच वेटोळी घेतली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात कोंबडी, लावा, झेब्रा फिंच आणि उंदीर यांच्या आतड्यांतला फरक नळीची जाडी, पडद्याचा ताण आणि दोघांच्या वाढीचा वेग यांवरून सांगता आला.

दोनच वर्षांनी याच गटातल्या एमी शायर आणि सहकाऱ्यांनी उद्वर्धांचं कोडं सोडवलं. कोंबडीच्या भ्रूणात आतड्याचं अस्तर आधी गुळगुळीत असतं. मग बाहेरून आतड्याला वेढणारा स्नायूंचा गोल थर तयार होतो. आतलं अस्तर वाढत असतं, पण या थरामुळे त्याला बाहेर फुगता येत नाही. मग ते आतल्या बाजूला मुडपतं आणि उभ्या रेघा उमटतात. त्यानंतर लांबीच्या दिशेने स्नायूंचा दुसरा थर येतो, लांबीही अडवली जाते आणि उभ्या रेघा नागमोडी होतात. तिसरा थर आला की त्या नागमोडीचे सुटे उंचवटे होतात. तेच उद्वर्ध. स्नायू बनू दिले नाहीत तर अस्तर सपाटच राहिलं. आणि अशा स्नायूविहीन आतड्याभोवती रेशमाची बारीक नळी बसवली तेव्हा वळ्या पुन्हा उमटल्या. अस्तराला फक्त अडवणारं काहीतरी हवं होतं. उंदरात उद्वर्ध थोड्या वेगळ्या वाटेने बनतात, त्यामुळे हे चित्र जसंच्या तसं सगळ्या प्राण्यांना लावता येत नाही. पण स्नायूंच्या ताणातून अस्तर घडतं हे पक्षिवर्गापुरतं तरी पक्कं झालं आहे.

पुढे २०१५ साली याच संशोधकांनी दाखवलं की उद्वर्धाचा आकारच मूलपेशींची जागा ठरवतो. अस्तर उंचावलं की पेशींनी सोडलेला रासायनिक संदेश टोकाच्या कोपऱ्यात साठतो आणि तिथल्या पेशींची वाढ थांबते. वाढणाऱ्या मूलपेशी तळाशीच राहतात. तळाशी जन्मलेली पेशी हळूहळू वर सरकते, टोकाशी पोचते आणि गळून पडते. माणसात हा प्रवास तीन ते पाच दिवसांचा. आपल्या आतड्याचं अस्तर आठवड्याभरात नवं होतं.

माणसाच्या भ्रूणात सहाव्या आठवड्याच्या सुमारास आतडं पोटात मावेनासं होऊन नाळेत बाहेर येतं, तिथे वाढतं, फिरतं, आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास परत पोटात जातं. या काळात ते एकूण २७० अंशांत वळतं. हे वळण अर्धवट राहिलं तर जन्मानंतर आतड्याला पीळ पडण्याचा धोका असतो. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली की डॉक्टर तातडीने तपासणी करतात ती याच शंकेने.

एवढी रचना सांभाळायला शरीराला खर्च पडतो. महिनोन्महिने उपाशी राहणारा बर्मी अजगर तो खर्च वाचवतो. स्टीफन सेकोर आणि जेरेड डायमंड यांनी दाखवलं की भक्ष्य गिळल्यावर त्याच्या लहान आतड्याचं वजन एक-दोन दिवसांत दुपटीपर्यंत जातं, सूक्ष्म उद्वर्ध कित्येक पटींनी लांब होतात, आणि पचन संपलं की सगळं पुन्हा आक्रसतं. माणसाचं आतडं इतकं टोक गाठत नाही. पण ज्या रुग्णांना दीर्घकाळ तोंडाने काहीच न देता शिरेवाटे पोषण द्यावं लागतं, त्यांचंही अस्तर पातळ होतं. आतड्याला आपला आकार टिकवायला आतून अन्न लागतं.

हा आकार गेला तर काय होतं, ते सिलिॲक रोगात स्पष्ट दिसतं. नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिक यांना सुकत चाललेल्या काही मुलांबाबत गव्हावर संशय होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात त्या देशात दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि अशी मुलं त्या उपासमारीत सुधारू लागली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५०च्या दशकात लहान आतड्याच्या अस्तराचे तुकडे तपासता येऊ लागले तेव्हा कारण दिसलं : उद्वर्ध झिजून सपाट झाले होते. विकरं होती, पित्त होतं, समोर अन्नही होतं, पण ते घेणारा पृष्ठभाग उरला नव्हता. उत्तर भारतातल्या गहू खाणाऱ्या राज्यांत हा रोग आपल्याकडच्या समजुतीपेक्षा बराच जास्त आढळतो.

आपल्या देशासाठी याहून मोठी गोष्ट गव्हाशी संबंधित नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये एस. जे. बेकर, व्ही. आय. मथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातल्या खेड्यांतली आतडी अनेक वर्षं अभ्यासली. वरवर निरोगी दिसणाऱ्या माणसांतही उद्वर्ध बुटके, पसरट झालेले आढळले. १९६०च्या दशकात पाकिस्तानात काम करायला आलेल्या धडधाकट अमेरिकी स्वयंसेवकांच्या आतड्यांतही असेच बदल दिसले, आणि मायदेशी परतल्यावर काही महिन्यांत ते भरून आले. म्हणजे दोष वंशाचा नव्हता. दूषित पाणी आणि अस्वच्छ परिसरातून रोज पोटात जाणारे जंतू अस्तराला सतत चिडवत राहतात आणि उद्वर्ध खुजे होतात. अशा वस्तीत वाढणारं मूल पोटभर जेवलं तरी त्याच्या अंगी पूर्ण लागत नाही. कुपोषणाची चर्चा करताना आपण ताटातल्या अन्नाबद्दल बोलतो आणि शौचालय, गटार, पिण्याचं पाणी हे वेगळं खातं मानतो. आतड्याच्या बाजूने पाहिलं तर हे एकच खातं आहे.

पटकीत मात्र याउलट घडतं आणि ते कळल्यामुळे लाखो जीव वाचले. पटकीत आतड्याचं अस्तर सोलून निघतं असा समज कित्येक दशकं होता. कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवलं की जंतूने सोडलेलं विषच आतड्याला पाणी सोडायला लावतं. त्याच सुमारास थायलंडमध्ये यूजीन गँगारोसा यांनी रुग्णांच्या आतड्याचे तुकडे तपासले, तेव्हा अस्तर आणि उद्वर्ध शाबूत आढळले. तळाच्या पेशी पाणी ओतत होत्या, पण वरच्या पेशींची शोषण्याची क्षमता कायम होती. १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं होतं की आतड्याची पेशी ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेते, आणि त्यांच्यामागे पाणी जातं. दोन्ही गोष्टी जुळल्या तेव्हा मीठ-साखरेच्या पाण्याला शास्त्रीय आधार मिळाला. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून देण्याचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत हे मिश्रण तयार करून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला.

म्हणून घरात कुणाला, विशेषतः लहान मुलाला, जुलाब झाले तर पोटाला विश्रांती म्हणून उपाशी ठेवू नका. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ओआरएस घोळा. एक लिटरच्या पाकिटात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ हे मोजून ठरवलेलं प्रमाण असतं आणि त्यात चवीसाठी जास्त साखर घातली तर ती उलट आतड्यात पाणी ओढते. घोट घोट पाजत राहा. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध थांबवू नका, मोठ्या मुलाला भाताची पेज, वरण-भात, केळं असं नेहमीचं अन्न देत राहा. डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस पूर्ण करा, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरीही. शौचात रक्त दिसलं, मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले किंवा काहीच पोटात ठरेनासं झालं तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.